वळणं का तोडता?

डोंगरातली वाट नागमोडी असते ती काय उगाच? चढ सोपा व्हावा, पावसाचं पाणी सरळ धावत सुटू नये म्हणून कुणीतरी घाम गाळून ती वळणं काढलेली असतात. आणि तुम्ही? दोन मिनिटं वाचवायला सरळ उतारावरून घसरत खाली! एक गेला की मागून दहा. गवत तुडवलं जातं, मुळं उघडी पडतात, पहिल्याच जोरदार पावसात तिथे ओघळ, मग घळ. 2-3 सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात हो! शिवाय पायाखालून सुटलेले दगड खालच्या वळणावरच्या माणसावर. परवा एक माझ्या कानाजवळून गेला. वरून नुसतं "सॉरी"! एवढी घाई असेल तर डोंगरात येता कशाला?