रोज पाणी? आणि तेही स्नेक प्लांटला?

आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली. "बघ ना गं, एक दिवस चुकवत नाही पाणी, तरी मान टाकली याने." याने म्हणजे नातीने पहिल्या पगारातून पाठवलेल्या स्नेक प्लांटने, त्या उभ्या तलवारीसारख्या पानांच्या शोभेच्या झाडाने. पान नुसतं धरलं तर बुडातून सुटून हातात आलं. बूड लिबलिबीत, वास गटाराचा. कुंडी मात्र पांढरीशुभ्र चिनीमातीची, वर रंगीत खडे, आणि तळाला भोकच नाही!

अशा कुंड्या विकणाऱ्यांना आठवडाभर ओले मोजे घालून उभं करायला हवं.

अहो, मुळांना हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही पानं लोंबतात. आणि ते बघून आपण काय करतो? अजून एक तांब्या ओततो! वर कोणीतरी सांगतंच, चहाचा चोथा घाला. दूधसाखरेचा चोथा न धुता घातलात की बुरशी येते आणि घरभर चिलटं होतात.

हो, मे महिन्यात गच्चीवरच्या तुळशीला रोज पाणी लागतं, मान्य. पण काकूंचं झाड दिवाणखान्यात टीव्हीशेजारी होतं, आणि स्नेक प्लांट पाणी पानांत साठवून ठेवतं. पावसाळ्यात त्याला पंधरावीस दिवसांनी दिलं तरी पुरतं. तारखेपेक्षा उदबत्तीची जळून उरलेली काडी बरी: तळापर्यंत खुपसा, माती चिकटून आली तर तांब्या खाली ठेवा.

कुजलंच असेल तर झाड उपटून मुळं धुवा. मऊ, काळपट ते सगळं स्वच्छ कात्रीने कापा, टणक ते ठेवा. एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. मग एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे), अर्धा भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कुंडी भोकाची आणि मुळांपेक्षा जेमतेम इंचभर मोठी. मोठ्या कुंडीतली जादा माती लवकर वाळत नाही. तळाशी खडी घालून भोकाची भरपाई होत नाही, पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं. पहिलं पाणी आठवड्याने. खत सध्या नको.

चांगल्या पानाचे तुकडे लावूनही झाड येतं, पण पिवळ्या काठाच्या जातीला पानापासून येणारे कोंब बहुधा साधे हिरवेच निघतात. काठ हवा असेल तर कंदाचा कोंबच वाचवायला हवा. (घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानं चघळली की उलट्या होतात.)

काकूंवर मी जरा चढ्या आवाजातच बोलले. मग त्यांचा चेहरा बघितला. नातीला काय सांगू, एवढंच विचारत होत्या. कंद चाचपले तर एक कोंब टणक निघाला, पिवळ्या काठासकट. परवा तो चार इंची मातीच्या कुंडीत बसवायचा आहे. पहिल्या पाण्याची तारीख काकूंनी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून घेतली, आणि "तोवर थोडंसं शिंपडलं तर चालेल ना गं?" असं दोनदा विचारलं.