कुणी सुचवलं होतं हे पुस्तक?

पुस्तक लिहिणारा सुटतो. विकणारा सुटतो. अनुवादकाला तर कुणी विचारतच नाही. सापडतो तो सुचवणारा.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनकट्टा भरतो. चरित्रं झाली, प्रवासवर्णनं झाली, आता जरा अंगावर काटा येईल असं काहीतरी घ्या, असा सूर निघाला आणि मी ब्रॅम स्टोकरचं 'ड्रॅक्युला' सुचवलं. मराठीत मिळतं, नाव सगळ्यांनी ऐकलेलं आणि वाचलेलं मात्र कुणीच नाही. निवड उत्तम होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. फक्त हल्ली मी लिफ्टऐवजी जिना वापरते.

लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकू भेटायच्या. "अहो, पंधरा पानं झाली, भूत कुठाय?" येईल हो, जरा दम धरा, असं मी दुसऱ्या मजल्यापर्यंत म्हणत असे. "तो मुलगा नुसता जेवतोय!" हे मात्र खरं. जोनाथन हार्कर हा नुकताच वकील झालेला तरुण इंग्लंडहून ट्रान्सिल्व्हेनियाला निघतो, वाटेत झणझणीत पाप्रिका घातलेली कोंबडी खातो, रात्रभर पाणी पितो आणि डायरीत लिहून ठेवतो की मीनासाठी याची कृती मिळवायची. मीना म्हणजे त्याची होणारी बायको. आता काकूंना कृती हवी होती. पुढे एवढं रक्त सांडलं, जहाजं आली, माणसं गेली, पण 'ती कोंबडीची कृती शेवटपर्यंत दिलीच नाही' हा त्यांचा मुद्दा काही हलला नाही.

माझ्या नवऱ्याला पुस्तक पहिल्याच परिच्छेदात आवडलं. तिथे म्युनिकहून निघालेल्या गाडीची नोंद आहे: व्हिएन्नाला ६ वाजून ४६ मिनिटांनी पोचायची, तासभर उशीर. पुढे तर जोनाथन म्हणतो की जितकं पूर्वेला जावं तितक्या गाड्या जास्त रखडतात. "हा लेखक नक्की डोंबिवलीत राहून गेलाय," नवरा म्हणाला. मी सांगितलं, तो ट्रान्सिल्व्हेनियालासुद्धा कधी गेला नव्हता, लंडनमध्ये नाटक कंपनीचं व्यवस्थापन करायचा आणि हे सगळं त्याने पुस्तकं, नकाशे चाळून उभं केलं. त्यावर नवऱ्याचा आदर आणखी वाढला. तेवढ्यावर त्याने पुस्तक मिटलं. कट्ट्यावर मात्र 'अप्रतिम' म्हणून सगळ्यात आधी हात वर केला तो त्यानेच.

आणि मग कट्टा. क्लबहाउस, बटाटेवडे, सतरंजीवर तरुण, खुर्च्यांवर ज्येष्ठ, आणि मधोमध मी. जागा कुणी ठरवून दिली नव्हती, पण वर्तुळ असं पडलं की सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

पहिली चार प्रकरणं चांगली आहेत, यावर निदान एकमत होईल असा माझा अंदाज होता. जोनाथन गढीत अडकलाय, खिडकीतून खाली बघतो, तर गढीचा मालक काउंट ड्रॅक्युला भिंतीवरून डोकं खाली करून सरपटत उतरतोय, अगदी पालीसारखा. मी ते पान रात्री वाचलं आणि उठून खिडकीची कडी बघून आले. ते मी सांगितलं, तर बी विंगच्या आजी म्हणाल्या, "पाल? आमच्या ट्यूबलाइटमागे दोन आहेत. त्यांना काय घाबरायचं?" संपलं.

बायकांच्या गटाला त्याच गढीतला दुसराच प्रसंग भिडला होता. जोनाथनला दिसतं की काउंट स्वतः अंथरूण घालतोय, आणि मग दाराच्या फटीतून दिसतं की टेबलही स्वतःच मांडतोय. घरात नोकरच नाही! इथे खरं तर वाचकाच्या पोटात गोळा यावा, कारण याचा अर्थ त्या गढीत या दोघांशिवाय दुसरं जिवंत माणूस नाही, आणि दोघांपैकी एकाच्या जिवंतपणाचीही खात्री नाही. पण कट्ट्यावर दीर्घ सुस्कारे ऐकू आले. "सरदार घराण्यातला माणूस, आणि बघा," असं एक जण म्हणाली आणि सगळ्यांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं. ड्रॅक्युलाला त्या दिवशी सर्वात जास्त मतं इथे पडली.

मग पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभी हयात घालवलेले काका उठले. त्यांच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा होत्या. "लूसी कशाने मेली?" लूसी म्हणजे मीनाची मैत्रीण. मी म्हटलं, ड्रॅक्युलाने रक्त प्यायलं म्हणून. "चूक. तिला एकामागून एक चार पुरुषांचं रक्त चढवलंय. प्रियकर, डॉक्टर, म्हातारा प्रोफेसर आणि तो अमेरिकन. ग्रुप कुणी बघितला?" पुस्तक १८९७चं आणि लँडस्टायनरने रक्तगट शोधले १९०१मध्ये, मग बघणार तरी कसा, हे मी अत्यंत नम्रपणे सुचवलं. "म्हणजे मी म्हणतो तेच. ती यांच्या उपचारांनी मेली. काउंट निर्दोष आहे." यानंतर कादंबरी भयकथा आहे की वैद्यकीय हलगर्जीपणाची केस, यावर बराच वेळ गेला आणि वडे गार झाले.

लूसीच्याच खोलीत दुसरं भांडण पेटलं. प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग हॉलंडहून मुद्दाम लसणाची फुलं मागवतो, खोलीभर लावतो, तिच्या गळ्यात माळ घालतो. रात्री तिची आई येते, वास कोंडलाय म्हणून फुलं काढून टाकते आणि वर खिडकी उघडते. सगळं मुसळ केरात. एका सुनेने ठासून सांगितलं की पुस्तकातलं खरं भयंकर पात्र ही आईच. "विचारायचं नाही, सवरायचं नाही, दुसऱ्याच्या खोलीत येऊन आवराआवर!" बोलताना तिने कुणाकडेही बघितलं नाही. तिच्या सासूबाई तिच्या शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "त्या बाईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. घरात म्हाताऱ्या माणसाला सांगतंय कोण?" हेही बरोबर होतं. आईचं हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी सगळंच तिच्यापासून लपवलेलं असतं. पुढची पाच मिनिटं त्या कोपऱ्यात जी शांतता होती, तेवढी भीती स्टोकरलाही साधलेली नाही.

बाकीच्यांची मतं मी झरझर सांगते. जागांची कामं करणाऱ्या गृहस्थांना फक्त जोनाथनने ड्रॅक्युलाला इंग्लंडमध्ये जागा घेऊन दिली तो व्यवहार आवडला: गिऱ्हाईक परदेशात, जागा पडीक, शेजारी वेड्यांचं इस्पितळ, तरी सौदा पक्का! शिवाय वकील जागेचे कोडॅकवर फोटो काढून घेऊन गेला होता, याचं त्यांना विशेष कौतुक. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने तक्रार केली की ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये फिरतो, उन्हात जळत कसा नाही? ते जळणं १९२२च्या मूकपटातून आलं, पुस्तकात दिवसा त्याच्या शक्ती फक्त कमी होतात, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "मग पुस्तक चुकलंय." भयकथाकार नारायण धारपांचे एक कट्टर वाचक आहेत, त्यांनी व्हॅन हेल्सिंगची लांबलचक भाषणं मोजून दाखवली आणि म्हणाले, "धारपांचे समर्थ असते तर दोन प्रकरणांत निकाल लागला असता."

मधला भाग लांबतो, हे मी स्वतःच मान्य करून टाकलं. काउंट पानंच्या पानं गायब असतो आणि बाकीची मंडळी तो ज्यांत झोपतो त्या मातीच्या पेट्या शोधत, पत्रं आणि तारा पाठवत हिंडतात. पण नेमका हाच भाग सेक्रेटरींना भावला. मीना सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करते, तारखेवार लावते, प्रती काढते. ड्रॅक्युला येऊन कागद जाळतो, तरी तिजोरीत एक प्रत शिल्लक! सांगताना त्यांचा गळा दाटून आला. आमच्या मागच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त अजून सापडलेलं नाही.

शेवटाबद्दल मात्र तरुण मंडळी खवळली होती. सत्तावीस प्रकरणं लसूण, क्रूस आणि छातीत ठोकायच्या खुंटीचा धाक दाखवायचा आणि शेवटी काउंटला मारायचं कशाने? एक खुकरी आणि एक सुरा. चार ओळींत धूळ. "खुंटी कुठे गेली, मावशी?" मला विचारलं. मी घरी ठेवून आल्यासारखं.

मी १८९७चा दाखला काढला. तेव्हाही मतं अशीच फाटली होती. 'अथेनियम' या साप्ताहिकाने रचना ढिसाळ आहे म्हणून नाक मुरडलं, तर कॉनन डॉयलने लेखकाला पत्र पाठवून मनापासून दाद दिली. स्टोकरच्या आईनेही भरभरून कौतुक कळवलं. "आईचं धरत नाहीत," लॅबवाले काका म्हणाले.

सभेअंती ठराव झाला की यापुढे पुस्तक सुचवताना छापील फॉर्म भरून द्यायचा. सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी प्रती वाटल्या. भूत कितव्या पानावर येते? मधला भाग लांबतो काय? असल्यास किती? कोणाच्या भावना दुखावतील (मजला व फ्लॅट नंबरसह)? खाण्याचा उल्लेख असल्यास कृती जोडली आहे काय? खाली सही.

पुस्तक मी निवडून ठेवलंय, पुन्हा भुताचंच. सगळे रकाने प्रामाणिकपणे भरले. 'सुचवणाऱ्याचे नाव' इथे लॅबवाल्या काकांचं नाव घातलं आणि फॉर्म सेक्रेटरींच्या दाराखालून सरकवून आले.