जन्मात बॉल मिळत नाही त्याला

टीव्हीवर टायलर बुकरचं नाव पुकारलं गेलं आणि यजमानांच्या हॉलमध्ये सुतक पडलं. आमच्या डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाने 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या समारंभात, बारावा नंबर चक्क एका गार्डवर खर्च केला होता. पोरांना बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक अ‍ॅश्टन जेन्टी हवा होता, आमच्याच फ्रिस्कोच्या शाळेत खेळलेला. पण त्याला सहाव्या नंबरवरच रेडर्स संघाने उचललं. मोठ्यांना पास झेलणारा रिसीव्हर हवा होता. मी एकटाच "वा!" म्हणालो, आणि ते ऐकलं काकांनी.

काका म्हणजे यजमानांचे सासरे. मूळचे सांगलीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. त्यांना रिक्लायनर दिला होता. मला घडीची खुर्ची, तीही मीच गॅरेजमधून आणलेली.

"वा काय? कोण हा?"

"गार्ड, काका. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे लाइनीत पाच जण असतात ना, त्यातला मधल्याच्या शेजारचा."

"करतो काय?"

"समोरच्याला अडवतो."

"आणि बॉल?"

"बॉल त्याच्याकडे येत नाही."

"आज येत नाही?"

"कधीच नाही. पास झेलायला त्याला नियमानेच बंदी आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला. खात्यात एखादी फाइल परत पाठवण्याआधी ते असाच पुसत असणार.

"वजन?"

"एकशे पंचेचाळीस किलो."

"पळतो?"

"चाळीस यार्डांना पाच सेकंदांच्या वर."

"हे चांगलं का वाईट?"

"वाईट!" पोरं एका सुरात ओरडली.

"म्हणजे पळत नाही, झेलत नाही, फेकत नाही, जन्मात बॉल मिळत नाही. अरे, हा हमाल झाला. हमाल लागतो, मी नाही म्हणत नाही. पण तो कुणी टीव्हीवर नाव पुकारून घेतं का? तो स्टेशनावर मिळतो!"

हॉल फुटला. एका तेलुगू मित्राला कळलं नाही म्हणून वाक्य इंग्रजीत पुन्हा सांगण्यात आलं, तेव्हा दुसऱ्यांदा हसून झालं.

मी आमचाच जुना गार्ड झॅक मार्टिन काढला. 2014 साली काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांचा जीव जॉनी मॅन्झेल या क्वार्टरबॅकवर जडला होता. बाकीच्यांनी त्यांना कसंबसं आवरलं आणि सोळाव्या नंबरवर मार्टिनला घेतलं. मॅन्झेल दोन सीझनमध्ये लीगबाहेर. मार्टिनची नऊ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, निवड झाली, आणि अकरा सीझनमध्ये होल्डिंगचे, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचे, दंड फक्त सात! तोच 2025 च्या सुरुवातीला निवृत्त झाला, त्याच्या जागी हा बुकर.

"तो सोळाव्याला मिळाला ना? मग हा बाराव्याला का?" काका म्हणाले.

मी कोल्ट्स हा संघ काढला. 2017 मध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकना 56 वेळा सॅक केलं, म्हणजे पास फेकण्याआधीच आडवं पाडलं. 2018 ला सहाव्या नंबरवर क्वेंटन नेल्सन हा गार्ड आला आणि आकडा 18 वर उतरला. त्याच वर्षी त्यांचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक दुखापतीतून परतला होता आणि दुसऱ्या फेरीतला ब्रेडन स्मिथ टॅकलला, म्हणजे लाइनीच्या टोकाला, चांगला खेळला होता, पण हे सांगायची मला काही गरज वाटली नाही.

गरज यजमानांच्या मुलाला वाटली. फोनवर शोधून त्याने 2013 साल वाचून दाखवलं. सातव्या नंबरवर जोनाथन कूपर, दहाव्यावर चान्स वॉर्मॅक, दोघे गार्ड, दोघांचंही पुढे काही झालं नाही. कूपरचा तर सीझन सुरू होण्याआधीच पाय मोडला. "आणि चीफ्स संघाचा गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत मिळाला. 226 वा!"

"226!" काका रिक्लायनरसकट सरळ झाले. "मिळाला की नाही स्टेशनावर?"

त्याच ट्रे स्मिथला 2025 साठी टॅग लावून, म्हणजे करार संपल्यावरही एक वर्ष रोखून, थांबवायला चीफ्सनी 2 कोटी 34 लाख डॉलर कबूल केले होते, कारण टॅगच्या हिशेबात गार्ड आणि टॅकल एकाच पंगतीला बसतात. उलट ड्राफ्टमध्ये घेतलेला पोरगा चार वर्षं ठरलेल्या पगारात राबतो. हे मी सांगत होतो तेव्हा बटाटेवडे आले. मला ऐकणारं कुणी उरलं नाही.

फँटसी फुटबॉलमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर लोक आपापला कागदी संघ खेळवतात त्या खेळात, गार्डला जागाच नाही, आणि लोकांना तिथे गुण मिळवणारेच तेवढे खेळाडू वाटतात. 2025 च्या फेब्रुवारीत सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, चीफ्सनी आपला नामी गार्ड जो थूनी टॅकलच्या जागी उभा केला होता. समोरच्या ईगल्स संघाच्या चौघांनीच लाइन उसवली. चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स सहा वेळा आडवा झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चर्चा कसली, तर माहोम्सचं काय बिनसलं! अरे, त्याच्या पुढे काय चाललं होतं ते बघा की! पण नाही. कॅमेरा बॉलमागे आणि माणसं कॅमेऱ्यामागे. ऑफिसातही वेगळं काय होतं म्हणा, पण तो विषय नको.

वडे संपत आल्यावर मी शेवटचा मुद्दा मांडला. बाजूने कुणी चाल करून आला तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकून वाचतो. मधून आला तर सरकणार कुठे? रॅम्स संघाचा अ‍ॅरन डोनाल्ड मधूनच यायचा. तीनदा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याच्यासमोर रोज कोण उभं राहायचं? गार्ड!

काकांनी प्रथमच मान डोलावली. "हा डोनाल्ड भारी दिसतोय. मग तोच का नाही घेतला?"

"2014 ला तो तेराव्यावर गेला. आपला नंबर सोळावा होता."

"नंबर कशावर ठरतो?"

"आदल्या वर्षी जो जास्त हरतो, तो आधी."

"म्हणजे अजून थोडं हरायला हवं होतं!"

टाळ्या पडल्या. तेलुगू मित्राला या वेळी न सांगताच कळलं. शेवटचा वडा काकांच्या ताटलीत गेला. उठताना काका मला म्हणाले, "तेवढ्या खुर्च्या आत ठेवून दे रे," आणि यजमानांनी गॅरेजचं दार उघडलं.