मुलीला कुठं मारलंय?

आज धाकट्या बहिणीच्या कोर्टाच्या तारखेला गेले होते. आत्ता साताऱ्याच्या स्टँडवर उतरलेय. घरी जाऊन घास उतरणार नाही, म्हणून इथंच बाकड्यावर बसून लिहितेय.

भाची सहा वर्षांची. व्हरांड्यात आईला चिकटून बसली होती, शाळेच्या स्टीलच्या डब्याची क्लिप उघडमीट करत. कट, कट, कट. जिन्यावर बाप दिसला आणि आवाज थांबला. पोरीनं क्लिप दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली.

आत समोरचे वकील म्हणाले, 'नवरा-बायकोचं काय असेल ते असेल, मुलीला कुठं मारलंय?' झालं. दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार पोर बापाच्या घरी.

अहो, त्यानं माझ्या बहिणीचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा ही पोर दारात उभी होती. शाळेतून नुकतीच आलेली. हातात हाच डबा. तिला काहीच लागलं नाही म्हणता?

आणि कायदा नाही असंही नाही! २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम २१ आहे. मुलाचा तात्पुरता ताबा आईला देता येतो, भेटीनं मुलाचं अहित होईल असं वाटलं तर मॅजिस्ट्रेटनं भेट नाकारायचीच असते. अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. बहिणीची ही अठरावी तारीख. त्यात डीव्हीची, म्हणजे घरगुती हिंसाचाराची केस एका कोर्टात, ताब्याची दुसऱ्या, तिथं १८९० चा पालक-पाल्य कायदा. इकडचे कागद तिकडं कोण नेतं? तीच. झेरॉक्स काढून, भाजीच्या पिशवीतून. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं. आमच्या पोरीला पाच पूर्ण झाली, संपली वाटतं आईची गरज!

खोट्या केसेस होतात, मान्य. लेकराच्या भेटीसाठी तळमळणारा बापही मी त्याच व्हरांड्यात पाहिलाय. पण म्हणून खरीखुरी केस कुणी नीट वाचायचीच नाही?

पोरीच्या बापानं आज कंदी पेढ्यांचा बॉक्स आणला होता. शिपायापासून सगळे म्हणाले, बघा, किती जीव आहे पोरीवर. तिनं पेढा घेतला, खाल्ला नाही. डब्यात ठेवून दिला.

जज मॅडमना मी वाईट म्हणणार नाही. चेंबरमध्ये जवळ बसवून गोड आवाजात विचारलं त्यांनी, 'जाशील ना बाळा पप्पांकडं?' पोर 'हो' म्हणाली. ती सगळ्यांनाच हो म्हणते हो. नाही म्हटल्यावर त्या घरात काय होतं, ते तिनं बघितलंय.

एसटीत माझ्या मांडीवर झोपली. झोपेतही डबा सोडला नाही.

आपल्यात कुणी वकील असेल तर सांगा, भेट निदान कोर्टातच, कुणाच्या तरी नजरेसमोर व्हावी यासाठी तातडीनं काय करता येईल? शनिवारच्या आत. मेसेज नको, फोनच करा.