‘४८ तास लागतातच’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, साइट नव्या सर्व्हरवर हलवताना टीटीएल (डोमेनच्या नोंदीचं उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा) आधीच कमी केला तर बदल लवकर पोहोचतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. “टीटीएल कमी करून काही होत नाही, ४८ तास लागतातच. नेटवरून उचललेलं अर्धवट ज्ञान लोकांना देऊ नका.” मतभेद असू द्या, पण ‘उचललेलं’ हा शब्द कशाच्या जोरावर वापरलात? अकरा वर्षं लोकांच्या साइट एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर हलवतोय, बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरच्या झोन फाइल (डोमेनच्या नोंदींच्या फाइल) हाताने लिहिल्या आहेत. चूक दाखवा, मान्य करेन. चोर ठरवू नका.

एक मुद्दा तुमचा बरोबर. क्वाड-ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद) लेखात राहून गेला होता. ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ पत्त्याची नोंद) नव्या सर्व्हरकडे वळवला आणि जुना क्वाड-ए तसाच राहिला, तर आयपीव्ही६ वरून येणारा माणूस जुन्याच सर्व्हरवर जातो. मग मोबाइल डेटावर साइट जुनी आणि ऑफिसच्या वाय-फायवर नवी, असा घोळ होतो. आज ती ओळ घातली आहे.

आता तुमचे ४८ तास. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरवर (नोंदींची उत्तरं देणारा सर्व्हर) प्रत्येक डोमेनच्या एनएस नोंदींचा (त्या डोमेनसाठी कोणत्या नेमसर्व्हरला विचारायचं ते सांगणाऱ्या) टीटीएल १७२८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर ४८ तास. तो आपल्या हातात नसतो आणि रजिस्ट्रारकडे (डोमेन जिथे नोंदवलं तिथे) नेमसर्व्हर बदलले तरच आड येतो. माझा लेख नेमसर्व्हर तेच ठेवून फक्त ए रेकॉर्ड बदलण्याबद्दल आहे. पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय. तिथला टीटीएल आपल्याच झोनमधला असतो.

“मी ३०० करून पाहिला, दिवसभर जुनंच दिसत होतं,” असंही लिहिलंत. पण केव्हा केलात? आयपी बदलतानाच टीटीएल उतरवला असेल तर उपयोग शून्य. जुना टीटीएल ८६४०० सेकंद, म्हणजे २४ तास असेल, तर रिझॉल्व्हरने (लोकांच्या वतीने पत्ता शोधून साठवणारा सर्व्हर) जुनं उत्तर तेवढ्या वेळासाठी आधीच घेऊन ठेवलेलं असतं. ती मुदत संपेपर्यंत तो तुमच्या नेमसर्व्हरला विचारायलाच येत नाही, मग नवा ३०० त्याला कळणार कसा? म्हणून आधी टीटीएल ३०० करायचा, जुने २४ तास पूर्ण उलटू द्यायचे आणि मगच आयपी बदलायचा. बहुतेक रहदारी पाच-दहा मिनिटांत वळते. काही रिझॉल्व्हर छोटा टीटीएल पाळत नाहीत, त्यांच्यासाठी जुना सर्व्हर दोन-तीन दिवस चालू ठेवायचा. हेही लेखात आहे. शेवटपर्यंत वाचलात का, हे विचारणं मला भाग आहे.

“मूळ डोमेनवर सीनेम चालतो” म्हणता. सीनेम म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद. तुमचं डोमेन क्लाउडफ्लेअरवर आहे, ते सीनेम सोडवून बाहेर ए रेकॉर्डच देतात. मूळ डोमेनवर एसओए (झोनची मुख्य नोंद) आणि एनएस असताना खरा सीनेम बसत नाही. यावर वाद घालत नाही.

पुढच्या वेळी दोन उत्तरं सोबत टाका: डिग (डोमेनच्या नोंदी विचारणारी कमांड) चालवून आधी थेट तुमच्या नेमसर्व्हरला विचारा, मग ८.८.८.८ या गूगलच्या रिझॉल्व्हरला. पहिल्यात नवा आयपी आणि दुसऱ्यात जुना असेल, तर जुन्याशेजारी उरलेले सेकंद दिसतील. दर मिनिटाला परत विचारा, आकडा साधारणपणे उतरताना दिसेल.