त्यानं माझं काहीच बिघडलं नाही

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एखाद्या खासगी प्रेप स्कूलमध्ये, म्हणजे सात-आठ ते तेरा वर्षांच्या मुलांच्या निवासी शाळेत, तुमचं बालपण गेलं असेल, वयाची सत्तरी उलटली असेल आणि अजून तुम्ही आठवणी लिहिलेल्या नसतील, तर आता उशीर करू नका. तुमच्या वर्गातल्या बाकीच्यांनी लिहून टाकल्यात. बालपण नारायण पेठेत नाहीतर मालवणात गेलं असेल, तरी वाचायला हरकत नाही. आपल्या पणजोबांच्या जिल्ह्यात कलेक्टर होऊन आलेला साहेब आठव्या वर्षी काय गिळत होता आणि काय काय गिळून टाकायला शिकला होता, एवढं तरी कळेल.

आधी गाव ठरवा. ब्रॉडस्टेअर्स, बेक्सहिल, ईस्टबोर्न, कुठलंही चालेल, पण माझं ऐकाल तर सीफर्ड घ्या. 1864 मध्ये तिथे रेल्वे आली आणि आता आपलं ब्रायटन होणार म्हणून गाव आशेला लागलं. पण किनारा सगळा गोट्यांचा आणि वारा थोबाडीत मारणारा. हवा खायला येणाऱ्या शौकिनांनी पाठ फिरवली. मागे उरली मोठमोठी घरं, मोकळी मैदानं आणि तो वारा. मोठ्या माणसांना जे सोसवत नाही ते सात-आठ वर्षांच्या पोरांना पौष्टिक असतं, हे मग कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. बघता बघता त्या एवढ्याशा गावात विसाहून जास्त खासगी शाळा उभ्या राहिल्या.

हवेचं कौतुक पहिल्याच पानावर करून टाका. त्याला परंपरा आहे. 1750 मध्ये डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी अंगाला लावण्याचे, एवढंच नव्हे तर पिण्याचे फायदे पुस्तक लिहून सांगितले, तेव्हापासून या किनाऱ्यावर वाईट हवामानालाच औषध म्हणायची पद्धत आहे. विन्स्टन चर्चिल यांना 1884 मध्ये आधीच्या मारकुट्या शाळेतून काढून ब्रायटनला लागून असलेल्या होव्हमध्ये, दोन बहिणींच्या छोट्या शाळेत घातलं, कारण समुद्राची हवा तिथे आणि घरचे डॉक्टरही तिथेच. 1886 च्या मार्चमध्ये त्या हवेतच त्यांना न्यूमोनिया होऊन जिवावर बेतलं. कामी आले ते डॉक्टर. तुम्ही मात्र श्रेय हवेलाच द्या.

आता शाळेचा मालक. हो, मालकच म्हणायचं. यांतल्या बऱ्याच शाळा नवरा-बायकोच्या मालकीच्या असत आणि विकायची वेळ आली की बाकं, पलंग आणि पोरांसकट विकल्या जात. खासगी शाळेची सक्तीची सरकारी नोंदणी इंग्लंडमध्ये 1957 पर्यंत नव्हती. घर मोठं असावं, बायको खमकी असावी आणि स्वतःला क्रिकेट यावं, एवढ्यावर माणूस शिक्षणतज्ज्ञ होत असे. क्रिकेट ही गंमत समजू नका. या मुख्याध्यापकांची संघटना 1892 मध्ये जन्माला आली, ती लहान मुलांच्या क्रिकेटचे नियम ठरवायला भरलेल्या बैठकीतून. पोरांना किती मारावं, खायला काय घालावं हे विषय त्या मानाने किरकोळ.

मालकाला लेखात रागीट पण मनाने चांगला दाखवा. मनाने चांगला असल्याचा एकही प्रसंग आठवत नसेल तर त्याचा कुत्रा आणा. कुत्रा प्रेमळ दाखवला की मालक आपोआप सुधारतो.

मास्तरांना फार जागा देऊ नका. एक लॅटिनवाला, एक फ्रेंच न येणारा फ्रेंचवाला आणि एक महायुद्धावरून आलेला, दार आपटलं की दचकणारा. या तिसऱ्याला तुम्ही सगळे मुद्दाम दार आपटून छळत होता, ते विनोदी प्रसंग म्हणून येऊ द्या.

झोपायच्या खोल्यांना आरमाराच्या नाहीतर सैन्याच्या वीरांची नावं असतील. त्यात वेलिंग्टन असेल तर आम्हा मराठी वाचकांना घरच्यासारखं वाटेल. त्याने 1803 मध्ये असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजा हरवल्या. आणि त्याच्या नावाच्या खोलीत ओळीने मांडलेल्या लोखंडी खाटांवर आठ वर्षांची पोरं तोंडात पांघरुणाचा बोळा कोंबून रडत असत, म्हणजे शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही. शेजारची खाटही त्याच कामात असे. हे लिहिताना 'सुरुवातीचे दिवस जरा जड गेले' इतकंच लिहावं.

सकाळचं थंड पाणी ओघाने येईलच. सगळ्यांनी एकामागून एक त्याच हौदात उतरायचं, मेट्रनने हजेरी घ्यायची आणि शेवटच्या मुलापर्यंत पाण्याला आलेल्या रंगाबद्दल कुणी बोलायचं नाही. जेवणावर मात्र हात आखडता घेऊ नका, वाचक तिथेच रमतो. त्यातही दुधात भाजलेला साबुदाणा सोडू नका. हो, आपलाच साबुदाणा. जो खिचडीत घालून आपण उपास नसतानाही दुसऱ्यांदा मागून घेतो, तो इंग्रजांनी ना तूप, ना मिरची, ना दाण्याचं कूट, नुसत्या दुधात टाकून भट्टीत ठेवला आणि गिळगिळीत होईपर्यंत विसरून गेले. मुलांनी त्याचं नाव 'बेडकाची अंडी' ठेवलं होतं. ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही हा नियम, त्यामुळे चार वाजेपर्यंत रिकाम्या जेवणघरात एकटंच बसलेलं एक पोरगं प्रत्येक आठवणीत सापडतं. थंड झालेल्या साबुदाण्यावर साय धरते, सायीला सुरकुत्या पडतात, आणि बाहेर मॅच सुरू झाल्याचा टाळ्यांचा आवाज येतो. भुकेबद्दल एक राष्ट्र म्हणून इंग्रजांना जे काही वाटतं, त्याचा उगम मला तरी इथेच दिसतो. अर्थात हा माझा पूर्वग्रह आहे, आणि तो खिचडीच्या बाजूचा आहे.

रविवारचं पत्र हा या सगळ्या आठवणींचा गाभा. सकाळी चर्चला जाण्याआधी नाहीतर आल्यावर सगळ्यांनी बाकावर बसून घरी पत्र लिहायचं. मास्तर रांगांमधून फिरणार. पत्राचं पाकीट चिकटवायचं नाही, आधी तपासायला द्यायचं. 'प्रिय आई-बाबा, तुम्ही कसे आहात? मी मजेत आहे. शनिवारी आमची मॅच झाली. आम्ही हरलो. इथे पाऊस पडतो आहे.' यात 'मला घरी यायचं आहे' असं एखादं वाक्य आलंच, तर ते शुद्धलेखनाच्या चुकीसारखं खोडून पत्र पुन्हा लिहायला लावायचे. आई-वडील हिंदुस्थानात नोकरीला असले तर हे पत्र बोटीने मुंबईला पोचायला दोन-तीन आठवडे लागत. उत्तर यायला तितकेच. म्हणजे मार्चात दुखलेल्या पोटावर आईची काळजी एप्रिलच्या शेवटी येऊन पोचायची. तोवर पोट बरं झालेलं असे, आणि पत्रात काय लिहायचं नसतं हेही पोराला कळलेलं असे. अशी पाच वर्षं काढली की मुलगा कुठल्याही सरकारी खात्यात अहवाल लिहायला तयार होई. पाऊस कमी, पीक मध्यम, रयत मजेत आहे.

अशा मुलांना सुट्टीतही घरी जाणं नव्हतंच. कुणी मावशी-आत्याकडे, कुणी पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या घरात. आता तुम्ही विचाराल की मग महाबळेश्वर, पाचगणी, सिमला इथे हवा काय वाईट होती? हवा उत्तम होती. पण तिथे मुलं सांभाळणाऱ्या देशी आया होत्या. आयांच्या कडेवर वाढलेली मुलं त्यांचीच भाषा बोलत, तोंडातली इंग्रजी देशी वळणाची होई, आणि एकदा का बोलण्याला तो हेल लागला की पुढे साहेब कोण म्हणणार! 1865 मध्ये मुंबईत जन्मलेले लेखक रडयार्ड किपलिंग लहानपणी देशी भाषेतच विचार करत. आई-वडिलांसमोर जाताना त्यांना इंग्रजीत बोलण्याची ताकीद मिळे. सहावं वर्ष पुरं व्हायच्या आत, 1871 मध्ये, त्यांची रवानगी साउथसीला, म्हणजे पुन्हा समुद्रकाठीच, अनोळखी माणसांच्या घरी झाली. ती काही प्रेप स्कूल नव्हती, पण तालीम तीच. तुमच्या आठवणीत आया येऊ द्या, पण नाव नको. तिला नाव होतं हे तुम्हाला कळण्याआधीच बोट सुटली होती, त्यामुळे त्यात तुमचाही दोष नाही.

छडीवर एक स्वतंत्र प्रकरण हवंच. छडी कशाने बसली ते विनोदाने सांगा, किती बसल्या ते अभिमानाने सांगा, आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य टाका: 'त्यानं माझं काहीच बिघडलं नाही.' हे वाक्य लिहिताना हात थरथरला तर टाइप करा. सरकारी शाळांमधली छडी कायद्याने 1987 मध्ये बंद झाली. इंग्लंडमधल्या खासगी शाळांत मात्र 1999 पर्यंत ती कायदेशीर होती, कारण फी भरणाऱ्याला थोडी जास्त सेवा मिळायलाच हवी. मुलींच्या शाळाही याच किनाऱ्यावर होत्या. तिथे छडी कमी आणि अबोला जास्त, असं त्यांच्या आठवणी सांगतात.

इतकं सगळं सोसून शेवटी मिळायचं काय, तर तेराव्या वर्षी 1904 पासून चालत आलेली 'कॉमन एन्ट्रन्स' ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि दुसऱ्या, अधिक मोठ्या, अधिक थंड शाळेत जायचं.

आता आठवणी केव्हा छापाव्यात हा नाजूक प्रश्न. याबाबतीत आदर्श ठेवावा तो एरिक ब्लेअर यांचा. जन्म 1903, मोतिहारी. वडील सरकारच्या अफू खात्यात. 1911 मध्ये त्यांना कमी फीवर ईस्टबोर्नच्या सेंट सिप्रियन्स शाळेत घेतलं आणि ही सवलत आपल्याला वेळोवेळी ऐकवली गेली, असं त्यांचं म्हणणं. पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने त्यांनी त्या शाळेवर एक दीर्घ लेख लिहिला, थंड पाणी आणि लापशीच्या वाडग्याच्या कडेला चिकटलेल्या जुन्या खरकट्यासह. पण छापायची घाई केली नाही. 1950 मध्ये ते स्वतः गेले. 1952 मध्ये लेख अमेरिकेत आला, तोही शाळेचं नाव बदलून. शाळेच्या मालकीणबाई 1967 पर्यंत होत्या, म्हणून इंग्लंडमध्ये तो 1968 मध्ये निघाला. बदनामीच्या खटल्यापासून इतकं पक्कं संरक्षण दुसरं नाही: आधी स्वतः मरावं, मग समोरच्याची वाट बघावी. तरीसुद्धा त्याच शाळेतले काही माजी विद्यार्थी उठलेच. शाळा उत्तम होती, बाई तर देवमाणूस, हा ब्लेअरच कुरकुऱ्या, असं त्यांचं मत पडलं. या दुसऱ्या गटात जागा नेहमी असते आणि तिथे जेवणही चांगलं मिळतं. तुम्ही तिकडे जा.

शाळेच्या शेवटाबद्दल हळहळ व्यक्त करायला विसरू नका. 1940 मध्ये जर्मन आता याच किनाऱ्यावर उतरणार म्हणून पोरांना उचलून आत, वेल्स-डेव्हनकडे नेलं. कित्येक शाळा परत आल्याच नाहीत. ज्या आल्या त्यांतल्या अनेक पुढे पैशाअभावी बंद पडल्या, आणि मैदानांवर बंगल्यांच्या ओळी उठल्या. काही इमारती वृद्धाश्रम झाल्या. तिथेही जेवण ठरल्या वेळी, दिवे ठरल्या वेळी बंद आणि भेटायला येणारे ठरल्या रविवारी. जुन्या विद्यार्थ्यांना प्रवेश घेताना वेगळं काही शिकवावं लागत नसेल.

राहिला नातवाचा प्रश्न. आठवणी लिहून संपल्या की त्याचं नाव एखाद्या चालू असलेल्या शाळेत घालून टाका. तो 'नको' म्हणेल, सून 'नको' म्हणेल. त्यांना तुमचं प्रकरण वाचायला द्या, विशेषतः ते सुप्रसिद्ध वाक्य. फी मात्र आधी विचारून घ्या, कारण 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागला आहे. इथे ओठ आवळून सोसायची गरज नाही. रडा, ओक्साबोक्शी रडा, जरूर तर खासदाराला पत्र लिहा. ते कुणी तपासून खोडणार नाही.