उद्दिष्ट हुकले, तर जाब कोणाला विचारायचा?

स्वच्छ ऊर्जा, हवामानबदल किंवा जलसंरक्षण यांविषयीचा एखाद्या देशाचा कायदा वाचायला घेतला की मी प्रस्तावनेतल्या उदात्त शब्दांपाशी रेंगाळत नाही. ठरलेले काम मुदतीत झाले नाही तर जाब कोणाला विचारता येईल आणि तो कोण विचारू शकेल, हे सांगणारे कलम मी आधी शोधतो. ते नसेल तर बाकीच्या मजकुरावर माझा विश्वास बसत नाही.

अमेरिकेचा १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा पाहावा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खर्चाचे कारण पुढे करून त्यावर नकाराधिकार वापरला होता, पण काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी लगोलग तो झुगारून कायदा संमत केला. कारखान्याच्या किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या नळातून नदीत पाणी सोडायचे असेल तर या कायद्यानुसार परवाना लागतो आणि कोणता घटक किती सोडता येईल, याची मर्यादा त्या परवान्यातच लिहिलेली असते. नमुने परवानाधारकाने तपासायचे, अहवालही त्यानेच सादर करायचा, आणि तो अहवाल लोकांना पाहायला खुला असतो. मर्यादा ओलांडली जात असूनही सरकारी यंत्रणा हलत नसेल, तर ज्याला झळ पोहोचते तो नागरिक ६० दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात जाऊ शकतो, आणि प्रदूषकाने स्वतः भरलेला आकडाच तिथे त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतो. शेतांतून वाहून येणारे खतयुक्त पाणी मात्र या परवान्यांच्या कक्षेबाहेर राहिले. जिथे नळ नाही तिथे परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून दाद मागायलाही जागा नाही; ही या कायद्यातली फार मोठी उणीव आहे, असे माझे ठाम मत आहे.

ऊर्जेच्या बाबतीत जर्मनीच्या २००० सालच्या कायद्याने सौर व पवन विजेला २० वर्षांसाठी ठरावीक दर दिला. गुंतवणूक आली ती या लेखी हमीमुळे.

हवामान कायद्यांत ब्रिटनच्या २००८ च्या कायद्याने पाच-पाच वर्षांचे कार्बन बजेट, म्हणजे त्या काळात देशाने किती उत्सर्जन करायचे याची कमाल मर्यादा, सरकारवर बंधनकारक केले, म्हणूनच २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाला सरकारची योजना कायद्याच्या कसोटीला उतरत नसल्याचे सांगता आले. जर्मनीतही २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तिथल्या हवामान कायद्यातल्या, २०३० नंतरचा भार पुढच्या पिढीवर ढकलणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, आणि सरकारला कार्बन-तटस्थतेचे, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण साधण्याचे, वर्ष २०५० वरून २०४५ वर आणावे लागले.

पण त्याच जर्मन हवामान कायद्यात आणखी एक मोलाची तरतूद होती. एखाद्या क्षेत्राचे वार्षिक उत्सर्जन मर्यादेपलीकडे गेले, तर त्या खात्याच्या मंत्रालयाने तीन महिन्यांत तातडीचा कार्यक्रम मांडायचा. वाहतूक खात्याला ते जड जात होते. २०२४ च्या दुरुस्तीत देशाची एकूण उद्दिष्टे तशीच राहिली, आणि एकेका मंत्रालयावरची ही सक्ती तेवढी काढून टाकण्यात आली.